समुद्रतळींचें संशोधन व श्वासाचा ताळेबंद

(१) तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर काश गांवानजीक उलुबुरुन येथें, इ. स. १९८२ त स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास प्राचीन जहाजाचे अवशेष आढळले. हें जहाज ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलें. त्यांतील एका रांजणांत, हस्तिदंती बिजागरीनें जोडलेल्या दोन लहान लांकडी फळ्या निघाल्या. खोलगट भागांत मेण भरून त्यावर लिहावयाचें हें साधन होय. मेण गेलें, अक्षरही उरलें नाहीं. तथापि इतकें जुनें लेखनसाधन हातीं येणें ही पोथीसंग्राहकांस सामान्य गोष्ट वाटणार नाहीं.

जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या देखरेखीखालीं १९८४ ते १९९४ पर्यंत तेथें उत्खनन झालें. अवशेष ४४ ते ६१ मीटर खोलीवर असल्यामुळें एका माणसास एका खेपेस सुमारें २० मिनिटें, व दिवसांतून दोनच खेपा, काम करितां येई. एकंदर २२,४१३ खेपा कराव्या लागल्या. वेळ इतका थोडा कां, याचीं मुख्य कारणें दोन : शरीरांत मुरणारा नायट्रोजन आणि जवळील हवेचा सांठा. पहिल्यासंबंधीं थांबत थांबत वर येण्याचीं कोष्टकें हॉल्डेन यांनीं १९०८ त प्रसिद्ध केलीं. दुसऱ्याचा हिशेब मात्र ज्याचा त्यानें मांडावयाचा असतो. त्याचेंच विवेचन येथें योजिलें आहे.

(२) दाब वाढला कीं हवेचें आकारमान त्याच प्रमाणांत घटतें, हा बॉइलचा नियम १६६२ पासून प्रसिद्ध आहे. समुद्रांत दर १० मीटरांस एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे ५० मीटरांवर तो पृष्ठभागाच्या सहापट होतो. कुस्तो व गान्यां यांनीं १९४३ त सिद्ध केलेलें यंत्र पाणबुड्यास भोंवतालच्या दाबाइतकीच हवा पुरवितें. अर्थात् पृष्ठभागीं मिनिटास २० लिटर हवा घेणारा मनुष्य तेथें १२० लिटर खर्च करितो. १२ लिटरांची टांकी २०० बार दाबानें भरली तर तींत २,४०० लिटर हवा मावते. म्हणजे ती अवघ्या २० मिनिटांत रिती होईल, व वर येण्यास कांहींच उरणार नाहीं. अशा दोन टांक्या घेतल्या, तरी सर्व हवा कामास लावतां येत नाहीं. पाण्याखालील गुहांत शिरणाऱ्यांचा तिहाईचा नियम असा कीं, एक भाग जाण्यास, एक परतण्यास व एक संकटास ठेवावा. या हिशेबानें ४,८०० पैकीं १,६०० लिटर, म्हणजे जेमतेम १३ मिनिटें हातीं येतात. शिलकेचा तिसरा भाग स्वतःपुरता नसतो; सोबत्याची हवा संपल्यास दोघांसही त्यावरच वर यावयाचें असतें, आणि भ्यालेला मनुष्य नेहमींच्या दुपटीनेंही हवा घेतो.

(३) हें कौशल्य उथळ पाण्यांत अभ्यासानेंच साधतें. प्रथम स्वतःचा खर्च मोजावा. १० मीटरांवर एका संथ गतीनें १० मिनिटें पोहावें. १२ लिटरांच्या टांकीचा दाब ४० बारांनीं उतरला, तर ४८० लिटर गेले, मिनिटास ४८, दाब दुप्पट म्हणून पृष्ठभागाचा खर्च २४ लिटर. हाच प्रयोग थंड पाण्यांत व हातीं काम असतां पुनः करून आंकडे टिपून ठेवावे. पुढें दाबमापक पाहण्यापूर्वीं आंकडा मनांत धरावा व मग ताडून पाहावा; सरावानें दोहोंतील अंतर घटत जातें. सोबत्यास हवा देणें-घेणें हेंही वारंवार करून अंगवळणीं पाडावें.

हिशेब मात्र वरच, कागदावर करावा. सुमारें ३० मीटरांखालीं नायट्रोजनाचा अंमल बुद्धीवर चढूं लागतो, व सोपी वजाबाकीही चुकते.

(४) पूरक, कुंभक, रेचक हे शब्द आपल्या परिचयाचे असल्यामुळें, कुंभकानें हवा वांचेल असें कोणासही सहज वाटेल. तसें करणें येथें घातक आहे. दाबाखालची हवा छातींत कोंडून मनुष्य वर आला, तर ती प्रसरण पावून फुप्फुस फाटतें. खालीं स्थिर राहून श्वास अडविला, तरी कार्बन डाय-ऑक्साइड सांठून डोकें दुखतें, धाप लागते, व वांचविली त्याहून अधिक हवा जाते. संथ पूरक व दीर्घ रेचक एवढेंच ग्राह्य. कुंभक सर्वथा वर्ज्य.

(५) सुटा कागद दप्तराबाहेर पडला कीं त्याचें निम्में मोल जातें, हें आपण जाणतों. समुद्रांतील वस्तूचेंही तसेंच. ती कोठें, कशाशेजारीं, किती अंतरावर होती ही नोंद त्या मोजक्या मिनिटांतच व्हावयाची असते. हवा सरत आलेला मनुष्य वस्तु उचलतो आणि माप सोडून देतो. द्वारकेच्या उथळ समुद्रांत ही अडचण फारशी जाणवत नाहीं. खोल पाण्यांत तीच निर्णायक ठरते. तेव्हां खोल समुद्रांतील शोधाचें वृत्त हातीं येतांच, वस्तूंच्या यादीबरोबर पाणबुड्यांच्या खेपांची व हवेची नोंदवहीही मागून पाहावी, असें आम्हांस वाटतें. ती वही नीट असेल, तर मापांवर विश्वास ठेवण्यास आधार मिळेल; आणि मुख्य म्हणजे, तीं मापें घेणारा मनुष्य सुखरूप वर येईल.