पग घोरतो तेव्हा

व्हिडिओ असला तरी आज बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त आहे.

मी हैदराबादेत जनावरांची डॉक्टर आहे. पगवाले हौसेनं मोबाइल पुढे करतात, "मॅडम, बघा ना, आजोबांसारखा घोरतो!" पूर्वी मीही हसायचे. मग एका मे महिन्यात असाच एक घोरणारा पग फिरून आल्यावर निळ्या पडलेल्या जिभेनं माझ्या टेबलावर आला. वाचला, पण तेव्हापासून मी आधी कान लावते.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. पग, बुलडॉग यांच्या चेहऱ्याची हाडं माणसानं आखूड केली, पण आतलं मांस त्या मानानं आखडलं नाही. लांब टाळू घशात लोंबतो, हवा जाताना थरथरतो. तीच ती जाड, ओलसर घरघर. स्वरयंत्रच आक्रसलं असेल तर आवाज बारीक, शिट्टीसारखा येतो. मला शिट्टीची भीती जास्त.

शांत बसलेल्या कुत्र्यात दोन्ही लपतात. म्हणून केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या तपासणीत स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर, स्वरयंत्रापाशी ठेवतात. 3 मिनिटं दुडक्या चालीनं पळवतात आणि पुन्हा ऐकतात. मग 0 ते 3 अशी श्रेणी देतात. ब्रिटनच्या केनेल क्लबनं 2019 मध्ये ही योजना सुरू केली.

आता कानाचा भरवसा किती? दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपनं तोच श्वास रेकॉर्ड केला तर स्पेक्ट्रोग्राम काढता येतो: आडवी वेळ, उभी वारंवारता, रंगात आवाजाचा जोर. घरघर तळाशी जाड पट्टे उमटवते, शिट्टी वर बारीक रेघ ओढते. ऑपरेशनच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवता येतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. अशा रेकॉर्डिंगवर संगणकाला शिकवण्याचं कामही चालू आहे.

आवाज श्वास घेताना की सोडताना, हेही पाहा. गळ्यातला अडथळा घेताना जास्त वाजतो, छातीतली श्वासनलिका दबत असेल तर सोडताना. पॉमेरेनियन बदकासारखा खोकतो तेव्हा ही नलिका तपासायलाच हवी.

घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा, फोन गळ्याजवळ धरा, फिरण्याआधी आणि नंतर असे दोन तुकडे घ्या. फोन मागचा गोंगाट गाळताना कामाचा आवाजही गाळतो, तेव्हा त्यावरून निदान करू नका, डॉक्टरांना ऐकवा.

आणि कुत्रा झगडतोय, पण घरघर अचानक कमी झाली, तर हवाच जात नसेल. तेव्हा रेकॉर्डिंग सोडा. अंग तापलं असेल तर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.