हृदयाची झडप आणि घशाचे दुखणे

स्मरणिकेत सहसा शाळेच्या वाटचालीचे आणि आठवणींचे लेख असतात. आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. तरीही हा विषय निवडला, कारण आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचे ओझे आम्ही अनेक वर्षे वाहत आहोत.

वसतिगृहातील एक विद्यार्थिनी सकाळच्या कवायतीत नेहमी मागे राहत असे. जिना चढताना मध्येच बसून जाई. आम्ही तिला आळशी समजलो, दोनदा सर्वांसमोर रागावलोही. पुढे तिच्या पायांवर सूज आली आणि रात्री आडवे होताच धाप लागू लागली, तेव्हा तिला नागपूरला नेले. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि त्या भाराने हृदय थकत चालले होते.

‘हार्ट फेल’ हा शब्द ऐकताच हृदय बंद पडले असे आपल्याला वाटते. वैद्यकाच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असते, पण शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. निरोगी हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. हे रक्त एकाच दिशेने वाहावे म्हणून हृदयात चार झडपा असतात.

आपल्या धानपट्ट्यातील वाचकांना हे समजायला मामा तलाव पुरेसा आहे. तलावाचे दार पुरते उघडले नाही, तर खालची बांधी कोरडी राहते आणि मागे पाणी तुंबते. दार नीट बंद झाले नाही, तर नको तेव्हा पाणी वाहत राहते. झडपेचे बिघाडही याच दोन प्रकारचे असतात. झडप अरुंद होते किंवा गळू लागते. दोन्ही वेळा रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते.

बिघडलेल्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवण्याचे यश १९६० साली मिळाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात शल्यचिकित्सक अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप तयार केली. रक्ताचा दाब आला की चेंडू सरके, दाब ओसरला की दार बंद होई. पुढे अशा परदेशी झडपा भारतात येऊ लागल्या, पण त्यांची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडपेचे काम सुरू झाले. पहिली तीन प्रारूपे अपयशी ठरली. चौथे टिकले. धातूच्या चौकटीत प्लॅस्टिकची तिरपी उघडणारी चकती असलेली ही चित्रा झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली.

झडपेखेरीज आणखीही साधने आहेत. हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आकुंचन पावत नसतील, तर तीन तारांचा विशेष पेसमेकर त्यांचा ताल जुळवतो. हृदयाचा डावा कप्पा फारच दुबळा झाला, तर त्यातील रक्त महाधमनीत नेणारा पंप शरीरात बसवतात. त्याची तार पोटातून बाहेर येऊन बॅटरीला जोडलेली असते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात असा रुग्ण कसा राहील, हा प्रश्न आपल्याला लगेच पडेल. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात लहानशी वाट ठेवून दाब हलका करणारी उपकरणेही आली आहेत. त्यांच्या चाचण्या सुरू आहेत.

मात्र यंत्र बसले म्हणजे आजार संपला, असे नाही. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि ठरलेल्या अंतराने रक्ततपासणी करावी लागते. गोळी कमी पडली तर झडप अडकू शकते, जास्त झाली तर रक्तस्राव थांबत नाही. दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना झडपेविषयी सांगावे लागते. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. म्हणून लग्न ठरवताना झडपेची गोष्ट लपवू नये आणि गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आता मूळ मुद्दा. तरुण वयात झडप खराब होण्याचे आपल्या देशातील एक मोठे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. त्याची सुरुवात एका विशिष्ट जंतूमुळे दुखणाऱ्या घशापासून होते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एक सांधा सुजून उतरतो आणि दुसरा सुजतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली शक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. पाच ते पंधरा वर्षांची मुले याला अधिक बळी पडतात, आणि जिथे एका खोलीत अनेक मुले निजतात तिथे हा जंतू लवकर पसरतो. म्हणजे आपले वसतिगृहही त्यात आले. सुजलेल्या गुडघ्यासाठी पुजाऱ्याकडे अंगारा घेण्यात गेलेले दिवस पुन्हा मिळत नाहीत. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, न चुकता द्यावे लागते. ज्या आजाराची अखेर लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेत होते, त्याला सुरुवातीला अडवणारे औषध इतके साधे आहे.

शासनाचा आधारही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नये. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला गडचिरोली होता. हृदयाच्या शस्त्रक्रिया तीत समाविष्ट आहेत.

त्या विद्यार्थिनीला झडप बसली. ती आज स्वतः आई आहे. एकदा शाळेत आली तेव्हा म्हणाली, “सर, रात्री सगळे निजले की माझ्या छातीतली टिकटिक मला ऐकू येते.” आम्ही तिची क्षमा मागितली. तेव्हापासून एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे: जे मूल मागे राहते, त्याला रागावण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यायचे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या घरीही हा नियम पाळावा, एवढीच विनंती.