विरघळणारा ग्राफ्ट : शरीराकडूनच नवी धमनी घडवून घेण्याचा प्रयत्न

हृदयाचा किंवा पायाचा बायपास ठरला की नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, पायाची शीर काढायलाच हवी का? कृत्रिम नळी मिळत नाही का?"

नळी मिळते. पोटातील महाधमनी फुगली असेल तर डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाची नळी बसवतात आणि ती अनेक वर्षे उत्तम काम करते. अडचण येते ती लहान रक्तवाहिन्यांमध्ये. नळीचा व्यास साधारण ६ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की कृत्रिम नळ्या लवकर बंद पडू लागतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तर २ ते ४ मिलिमीटरच्याच असतात. म्हणून हृदयाच्या बायपाससाठी आजही रुग्णाचीच छातीतील किंवा हातातील धमनी अथवा पायातील शीर वापरावी लागते. अलीकडे बातम्यांमध्ये "शरीरात विरघळून नवी धमनी तयार करणारी नळी" असे वाचायला मिळते. ती या अडचणीवरचाच उपाय शोधते आहे. ती नेमकी काय आहे आणि संशोधन कुठवर आले आहे, ते समजून घेऊ.

कृत्रिम नळी बंद का पडते?

आपली धमनी म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिला आतून पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सतत तयार करते आणि रक्ताची गुठळी होऊ देत नाही. बाहेरच्या थरात स्नायू आणि लवचीक तंतू असतात. प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगते आणि पुन्हा पूर्ववत होते.

कापडाच्या किंवा टेफ्लॉनच्या नळीत यातले काहीच नसते. माणसात नैसर्गिक अस्तर जोडाच्या टाक्यांपासून फार तर एक-दोन सेंटिमीटर आत सरकते. मधला भाग वर्षानुवर्षे उघडाच राहतो. जाड नळीत रक्त वेगाने वाहते, त्यामुळे तिथे हे चालून जाते. बारीक नळीत मात्र गुठळी धरते. शिवाय नळी ताठ आणि धमनी लवचीक, त्यामुळे जोडाच्या जागी प्रवाह बिघडतो. तिथे पेशींची जास्त वाढ होते आणि तोंड अरुंद होत जाते.

मग स्वतःची शीर वापरण्यात अडचण काय? शीर कमी दाबासाठी घडलेली असते आणि बायपासनंतर तिच्यावर अचानक धमनीचा दाब येतो. हृदयाच्या बायपासमधील पायाच्या शिरांपैकी सुमारे निम्म्या दहा वर्षांत बंद किंवा खूप खराब झालेल्या आढळतात. छातीच्या भिंतीतील धमनी मात्र तेवढ्याच काळात दहापैकी नऊ जणांत सुरू असते. पण ती काही हवी तितकी मिळत नाही. काहींच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतात, काहींच्या आधीच्या ऑपरेशनमध्ये वापरून झालेल्या असतात. मधुमेहामुळे पायाच्या धमन्या बंद झालेल्या रुग्णाला चांगली शीर मिळाली नाही, तर पाय वाचवणे खरोखर अवघड होते.

सत्तर वर्षांची शोधाशोध

१९५२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर व्होरहीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विन्यॉन नावाच्या कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच दशकात ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डिबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून घरातल्या शिलाई मशीनवर नळी शिवली. पुढे टेफ्लॉनच्या नळ्या आल्या. या सगळ्यांमागचा विचार एकच होता : नळी अशी हवी की शरीराने तिच्याकडे लक्षच देऊ नये.

विरघळणाऱ्या ग्राफ्टचा विचार नेमका उलटा आहे. शरीराने नळीची दखल घ्यावी, तिच्यात पेशी शिराव्यात, नळी हळूहळू संपावी आणि तिच्या जागी रुग्णाचीच धमनी उरावी.

स्लॅबचे सेंट्रिंग आठवा

घराचा स्लॅब टाकताना आधी खालून सेंट्रिंग लावतात. काँक्रीट पक्के झाले की ते काढून टाकतात. विरघळणारा ग्राफ्ट हे धमनीचे सेंट्रिंगच आहे. त्याचे पदार्थही अगदी अनोळखी नाहीत. ऑपरेशननंतर जे "विरघळणारे टाके" घालतात, त्यात पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा असतो. पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे त्याचेच भाईबंद. शरीरातील पाण्याने त्यांच्या साखळ्या तुटत जातात आणि लहान तुकड्यांचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निचरा होतो. पहिल्याची ताकद काही आठवड्यांत संपते, शेवटच्या दोघांना पूर्ण जायला वर्षे लागू शकतात.

खरी परीक्षा या वेळेच्या गणिताची आहे. सेंट्रिंग लवकर काढले तर स्लॅब कोसळतो, तसा ग्राफ्ट लवकर विरघळला तर कच्ची भिंत फुगते किंवा फुटते. धमनी फुटणे म्हणजे जिवाशी गाठ. उलट तो फार काळ टिकला तर शरीर त्याला परकी वस्तू समजून भोवती जाड व्रण तयार करते, कॅल्शियम साचते आणि नळी अरुंद होते.

नळी विणतानाही कसरत असते. केसापेक्षा बारीक धाग्यांच्या या जाळीची छिद्रे मोठी ठेवली तर रक्त झिरपते, फार लहान ठेवली तर पेशींना आत शिरता येत नाही. सर्वांत आधी आत येतात त्या दाह निर्माण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. "दाह" हा शब्द ऐकून रुग्ण घाबरतात, पण इथे थोडा दाह आवश्यकच असतो. याच पेशी नळीचे पदार्थ साफ करतात आणि स्नायू व अस्तराच्या पेशींना बोलावतात. दाह वेळेवर शमला तर धमनी घडते, रेंगाळला तर व्रण उरतो. कोलॅजेन शरीर सहज तयार करते. धमनीला लवचीकपणा देणारे इलॅस्टिन मात्र प्रौढ वयात फारच कमी तयार होते, आणि ते कसे मिळवायचे हा संशोधकांपुढचा सर्वांत चिवट प्रश्न आहे.

प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काय दिसले?

१९९९ मध्ये टोकियोत डॉ. शिनओका यांच्या गटाने हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसाच्या धमनीत असा ग्राफ्ट बसवला. त्यावर तिच्याच शिरेतून घेतलेल्या पेशी वाढवल्या होत्या. पुढे २५ रुग्णांमध्ये अस्थिमज्जेतील पेशी वापरून असे ग्राफ्ट बसवले. निवड विचारपूर्वक होती. या जागी रक्ताचा दाब कमी असतो. शिवाय मूल वाढते, पण कापडाची नळी वाढत नाही, त्यामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. त्या रुग्णांत ग्राफ्ट फुटल्यामुळे कोणी दगावले नाही. काहींमध्ये मात्र तो अरुंद झाला आणि फुग्याने रुंद करावा लागला.

अमेरिकेत कोलंबस शहरातील मुलांच्या रुग्णालयात अशीच चाचणी सुरू झाली, पण सुरुवातीच्या महिन्यांत ग्राफ्ट अरुंद होऊ लागल्याने ती थांबवावी लागली. संशोधकांनी मेंढ्यांवर पुन्हा अभ्यास केला. २०२० मध्ये त्यांनी दाखवले की मेंढ्यांमध्ये हे अरुंद होणे दाहामुळे होते आणि पुढे आपोआप कमीही होते. माझ्या मते या क्षेत्रातील ही सर्वांत उपयोगी माहिती आहे, आणि ती चाचणी थांबल्यामुळे हाती आली.

हृदयाच्या धमन्यांइतक्या बारीक आणि जास्त दाबाच्या जागेसाठी बरेचसे यश अजून प्राण्यांतले आहे. २०१२ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी लवकर विरघळणारी, पेशी न लावलेली नळी उंदराच्या महाधमनीत बसवली. तीन महिन्यांत तिथे धमनीसारखी रचना तयार झाली. पण उंदीर तरुण आणि निरोगी होता. आपला रुग्ण पासष्टीचा, मधुमेही, कदाचित तीस वर्षे तंबाखू खाल्लेला. त्याचे शरीर त्याच वेगाने धमनी बांधेल असे गृहीत धरता येत नाही. युरोपात पेशी न लावलेल्या विरघळणाऱ्या नळीच्या डायलिसिसच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने 'सिमव्हेस' या नळीला मान्यता दिली, त्या बातमीमुळे थोडा गोंधळ झाला आहे. यात विरघळणारी जाळी प्रयोगशाळेतच विरघळते. तिच्यावर मानवी पेशी वाढवतात आणि नंतर पेशी धुऊन काढतात. उरते ती मुख्यतः कोलॅजेनची नळी. ती फक्त प्रौढांमधील हातापायाच्या धमनीच्या जखमेसाठी आहे, तेही तातडीची गरज असताना आणि स्वतःची शीर वापरता येत नसेल तर. नळी निकामी होण्याचा ठळक इशाराही सोबत आहे. हृदयाच्या बायपाससाठी ती नाही.

"विरघळणारे" म्हणजे "अधिक सुरक्षित" असेही समजू नका. 'अॅब्सॉर्ब' या विरघळणाऱ्या स्टेंटची आपल्याकडेही मोठी चर्चा होती. त्यात धातूच्या स्टेंटपेक्षा गुठळ्यांचे प्रमाण जास्त आढळले आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

आज तुम्ही काय करू शकता?

या नळीची वाट पाहत ठरलेला बायपास पुढे ढकलू नका. स्वतःची चांगली शीर किंवा धमनी हाच आजही पहिला पर्याय आहे, म्हणून ती जपा. किडनीचा आजार वाढत असेल तर रक्त काढणे आणि सलाईन शक्यतो हाताच्या पाठीवरून घ्यायला सांगा. कोपराजवळच्या शिरा पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी लागतील. फुगलेल्या शिरांवर लेझर करून घेण्याआधी हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा.

ग्राफ्ट बसलेला असेल तर अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी किंवा रक्त पातळ करणारे औषध स्वतःहून बंद करू नका, दात काढण्यासाठीसुद्धा विचारल्याशिवाय नको. तंबाखू, बिडी, मिसरी पूर्ण बंद. पाय अचानक थंड, पांढरट, बधिर झाला आणि खूप दुखू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नका. पाय वाचवायला हातात काही तासच असतात.

एखाद्या चाचणीत सहभागी व्हायचे का असे कोणी विचारले, तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदलेली आहे का ते पाहा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. चाचणीतल्या नळीसाठी पैसे मागत असतील तर तिथेच थांबा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि डॉक्टरांना हे नक्की विचारा : नळी बंद पडली तर पुढे काय करणार, आणि त्या वेळी वापरायला माझी स्वतःची शीर शिल्लक ठेवली आहे का?