कमरेला सवय होत नाही

‘त्यांना सवय असते हो.’ पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या बिगाऱ्याकडे बघून हे वाक्य हमखास ऐकू येतं. सवय होते ती स्नायूंना. मणक्यांमधल्या गाद्यांना मोठेपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्यांची झीज नीट भरून येत नाही. एखाद्या सकाळी अचानक भरलेल्या उसणीमागे बरेचदा कित्येक वर्षांचं ओझं असतं.

पोतं कायद्यात बसतं, हे मात्र खरं. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत एकट्या पुरुषाला ५५ किलो आणि स्त्रीला ३० किलो ही कमाल मर्यादा आहे. पण कायदेशीर म्हणजे निर्धोक नव्हे. ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेचं १९९१चं सूत्र सगळं सोयीचं असतानाच २३ किलोपर्यंत जातं. वाकावं लागलं, वळावं लागलं, पुन्हापुन्हा उचलावं लागलं की आकडा खाली येतो.

ओझं नसेल तर धोकाही नाही, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. स्लॅबची जाळी बांधणारा फिटर बघा. पाय सळयांवर, अंग कमरेतून दुमडलेलं, एका हातात बाइंडिंग वायर, दुसऱ्या हातातल्या हुकाचे दोन-तीन पीळ, की लगेच पुढची गाठ. हातातली तार काही ग्रॅमची; पण शरीराचं निम्म्याहून अधिक वजन कमरेच्या वर असतं आणि वाकलेल्या माणसाची पाठ ते दिवसभर तोलून धरते. फरशी बसवणाऱ्याच्या गुडघ्यांचं तेच होतं.

‘हलक्या’ एएसी ब्लॉकचंही तसंच. इमारतीवरचा भार कमी होतो, पण आठ इंची ब्लॉक सुका असतानाच चौदा-पंधरा किलोंचा असतो. वीट तीनेक किलोंची.

मग कमरेला पट्टा बांधायचा का? निरोगी माणसाची इजा त्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशनेच १९९४मध्ये सांगितलं. नुसतं ‘गुडघ्यात वाकून उचला’ शिकवूनही पाठदुखी टळल्याचं दिसत नाही. बदलायला हवी ती कामाची मांडणी. विटा आणि मसाल्याचं घमेलं जमिनीवर न ठेवता घोडीवर फळी टाकून कमरेच्या उंचीला ठेवावं, पोती वर न्यायला लिफ्ट लावावी, ब्लॉक दोघांनी उचलावा. आणि मजुरी टनावर किंवा चौरस फुटावर ठरवताना दरात विश्रांतीचा वेळ धरावा. नाहीतर पाठ सरळ करायला थांबलेल्या माणसाचा तेवढा रोज बुडतो.