सीबी रेडिओचा आवाज पोहोचेनासा झाल्यास
अमेरिकेतील ट्रकचालक महामार्गावर १९ व्या चॅनेलवर ज्या सीबी रेडिओवरून बोलतात, त्याची कमाल शक्ती एएम पद्धतीत अवघी ४ वॅट असल्याने खरी मदार अँटेनावर असते. तरी आवाज पोहोचेनासा झाला की पुष्कळजण उगाच संचच उघडून बसतात. प्रथम पाहावयाचे ते एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या लहरींमुळे केबलमध्ये निर्माण होणाऱ्या कमाल व किमान व्होल्टेजचे गुणोत्तर, जे १.५ च्या आत असणे उत्तम आणि ३ च्या वर गेल्यास प्रक्षेपण थांबवावे. ४० व्या चॅनेलवरील हा आकडा पहिल्या चॅनेलवरील आकड्यापेक्षा अधिक भरल्यास अँटेना लांब असून तो किंचित आखूड करावा; दोन्हीकडे ३ च्या वर भरल्यास मात्र अँटेनाच्या बुडाशी रंग खरवडून धातूला धातू नीट टेकतो की नाही, हे तपासावे.