कुजक्या वांग्यातला विषाणू

मुलांनो, विषाणू म्हटले की तुम्हाला सर्दी-पडसे आठवते आणि आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना बिघडलेला प्रोग्रॅम! पण काही विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत, ते फक्त जीवाणूंवर हल्ला करतात. त्यांना 'फाज' म्हणतात. आज आम्ही क्षयाच्या जीवाणूंना व त्यांच्या भाऊबंदांना मारणाऱ्या फाजांची माहिती देत आहोत.

क्षय म्हणजे टीबी. त्याचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. आजही जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत, आणि काही जीवाणू तर नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

फाज जीवाणूला शेपटीने चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. डीएनए म्हणजे जणू प्रोग्रॅमच. मग बिचारा जीवाणू फाजाच्याच प्रती तयार करत बसतो आणि शेवटी फुटतो.

क्षयाचा जीवाणू धोकादायक आणि भारी संथ. एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून शास्त्रज्ञ बऱ्याचदा त्याचा निरुपद्रवी चुलतभाऊ 'स्मेग्मॅटिस' वापरतात. तो साधारण तीन तासांत दुप्पट होतो. माती पाण्यात कालवून अतिशय बारीक गाळणीतून गाळतात. जीवाणू वर राहतात, फाज खाली उतरतात. ते पाणी स्मेग्मॅटिसमध्ये मिसळून जेलीसारख्या थरावर पसरतात. जीवाणू वाढले की बशी धुरकट दिसते, पण जिथे फाज असतो तिथे स्वच्छ गोल ठिपका पडतो.

१९९३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी फाजामध्ये काजव्याचे जनुक घातले. असा फाज शिरला की क्षयाचे जिवंत जीवाणू चमकतात. औषध लागू पडले तर उजेड मावळतो!

आता वांग्याची गोष्ट. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर एक फाज सापडला. त्याचे नाव 'मडी'. पुढे लंडनमध्ये फुप्फुसे बदललेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला क्षयाच्या जीवाणूच्या भाऊबंदाने ग्रासले. औषधे थकली. तेव्हा पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेने आपल्या संग्रहातून तीन फाज निवडले, त्यांत मडी होता. बाकीचे दोन जीवाणूला न मारता आत दडून बसू शकत. त्यांच्यातले 'थांब' सांगणारे जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकले. आम्ही प्रोग्रॅममधली एखादी ओळ खोडतो ना, तसे! जून २०१८ पासून शिरेतून फाज दिल्यावर तिची जखम भरून आली, यकृताचे काम सुधारले. रोग मुळासकट गेला नाही, आणि एकाच रुग्णावरून सारे सिद्धही होत नाही. पण वाट दिसली.

क्षयाचा जीवाणू मात्र आपल्या पेशींच्या आत लपतो. तिथे फाज पोचवणे कठीण आहे. म्हणून पालकांनो, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घेणे हाच आजही क्षयावरचा उपाय आहे.

आणि मुलांनो, २००८ पासून अमेरिकेतील अनेक कॉलेजांत विद्यार्थ्यांनी माती गोळा करून हजारो फाज शोधले. शोधणाराच त्याचे नाव ठेवतो. उद्या तुम्हाला एखादा सापडला तर नाव मराठी ठेवा बरे!