तो मळ नव्हता

मागच्या दिवाळीत सासूबाई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी माझ्या बारा वर्षांच्या लेकाला पाटावर बसवलं, तेल-उटणं लावलं. सगळं अंग उजळलं, मान मात्र कितीही चोळली तरी काळीच. "अगं, केवढा मळ बसलाय! हा अंघोळ तरी नीट करतो का?" खरं सांगते, मीही वर्षभर त्याला हेच बोलत होते. तो बिचारा आग होईपर्यंत मान घासायचा.

डिसेंबरात वार्षिक तपासणीला गेलो. डॉक्टरांनी मान पाहिली, काखा पाहिल्या आणि म्हणाल्या, "हा मळ नाही." मानेवर, काखेत, जांघेत त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळपट होते, तिला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याने त्वचेच्या पेशीही वाढतात. रक्त तपासलं तर एचबीएवनसी ५.९! ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वर्षभर मी त्याला ज्यासाठी रागावले, त्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

मी पूर्वी शाळेत शिकवायचे. शंका आली की वाचत बसायची सवय अजून गेलेली नाही. वाचताना लक्षात आलं, की इथल्या माहितीपत्रकांत बहुतेक ठिकाणी 'लाल चट्टा' असतो आणि चित्रं गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या रंगावर लाली फारशी दिसतच नाही. इसब आपल्याकडे तपकिरी, करडं किंवा जांभळट दिसतं. म्हणून नुसतं पाहू नका, हात फिरवा. त्वचा कोरडी, खरखरीत लागते का, रात्री खाज सुटते का, ते बघा.

गजकर्णाची कड गोल, उंचावलेली आणि खवलेदार असते, मधला भाग साफ होत जातो. त्यावर भारतातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका. खाज चार दिवस थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि मग चट्टा ओळखूही येत नाही.

आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत गोचीड चावून लाइम रोग होतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत चट्टा उठतो आणि पसरत जातो. सावळ्या त्वचेवर तो मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर असा डाग वाढताना दिसला, तर थांबू नका. डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

आमच्या घरी आता ज्यूस बंद झालाय आणि जेवणानंतर सगळेच चालायला जातो. सासूबाई फोनवर आधी नातवाची साखर विचारतात, मग माझी खुशाली! परवाच्या तपासणीत आकडा ५.६ आला.

यंदाही अभ्यंगस्नान होईल. तुम्हीही मुलांना तेल लावाल, तेव्हा पाठ, मान, काखा जरा उजेडात बघून घ्या. काही वेगळं दिसलं तर घासू नका, रागावू नका. आधी विचारा.